साठ इंचांत एक फेरा

पडघा गाव मागे पडलं तरी गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. केसरीनाथांच्या घरात अशी शांतता दोनच कारणांनी पसरायची. एक तर कुणी आजारी असायचं, नाहीतर प्रत्येकाला आपलंच खरं वाटत असायचं. आज सगळे ठणठणीत होते.

गाडी देवेश चालवत होता. शेजारी पंचाहत्तरीचे केसरीनाथ, मुलाकडे न बघता पुढच्या ट्रकांच्या पाट्या वाचत. मागे त्यांची बायको गोदूबाई भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन, मधे सून मृणाली आणि खिडकीशी नात उन्नती. बंदूक डिकीत होती, कॅनव्हासच्या खोळीत, आणि भांडण तिच्यावरूनच होतं.

"बाबा, अजून सांगतो," देवेश म्हणाला. "सोमवारी पोलीस ठाण्यात जमा करून टाकू. कशाला हे लोढणं?"

"पाच बार होऊं दे. मंग बोल."

बंदूक ठासणीची. केसरीनाथांच्या वडिलांना ती रानडुकरांसाठी मिळाली होती, पूर्णा गावात त्यांची भातशेती होती तेव्हा. आता त्या शेतात देवेशची दोन गोदामं उभी होती आणि डुकरांऐवजी कंटेनर यायचे. वर्षातून एकदा, गावदेवीची पालखी उठताना, केसरीनाथ अंगणात उभे राहून हवेत नुसत्या दारूचा एक बार काढायचे, एवढंच तिचं काम उरलं होतं. गेल्या जत्रेत बार निघाला आणि जुनी नळी बुडाशी तडकली. कुणाला काही लागलं नाही, पण तेव्हापासून घरात दोन तट पडले.

देवेशचं म्हणणं, जमा करा. उन्नतीचं म्हणणं, नळी बदला आणि परवाना माझ्या नावावर करा. ती वडिलांच्या गोदामांत मालाची आवक-जावक बघायची आणि गेली चार वर्षं दर रविवारी क्लबात जाऊन नेमबाजी शिकायची. एअर रायफलमध्ये तिला दोन पदकं मिळाली होती. आता तिला ठासणीच्या बंदुकीच्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि तेही पणजोबांच्याच बंदुकीनं. केसरीनाथांना मनातून हे फार आवडलं होतं. आवडलं म्हणूनच त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. घरच्या म्हाताऱ्याचं वजन अशानं कमी होतं, असं त्यांचं मत होतं.

नळी बदलायची परवानगी आली आणि नवंच घोडं अडलं. जुनी नळी आतून गुळगुळीत होती. नवीत आत चर कोरलेले होते, आणि हे चर सरळ न जाता दोराच्या पिळासारखे वळत जातात, म्हणजे गोळी फिरत बाहेर पडते. आता पीळ किती हवा? बंदुका दुरुस्त करणाऱ्या कुमार मिस्त्रीकडे एकाच मापाच्या दोन तयार नळ्या होत्या. एकीत चर वीस इंचांत एक फेरा घेत, दुसरीत साठ इंचांत. परवानगी एकाच नळीची. उन्नतीनं साठवाली मागितली. केसरीनाथांनी वीसवालीवर बोट ठेवलं.

"पन्नास वरसं लूम चालवलं मी," ते जेवताना म्हणाले होते. "मना पील शिकवतंस? कमी पिलाचं सूत ताण आला का तुटतं. जास्ती पील, जास्ती ताकद."

"आजा, हे सूत नाही. गोळी आहे."

"पील तो पील."

आणि मग शब्दानं शब्द वाढत भरल्या ताटावर त्यांनी गावदेवीची आण घेऊन अट घातली. तुझ्या पसंतीच्या नळीनं पन्नास मीटरवरून पाच बार काढ, नारळाएवढ्या वर्तुळात. तीन आत गेले तर बंदूक तुझी. नाही गेले तर सोमवारी ठाण्यात जमा. देवेशनं लगेच "चालेल" म्हटलं. गोदूबाईंनी मुलाची बाजू घेतली, कारण नळी तडकली तेव्हा नवऱ्याचे कान तीन दिवस वाजत होते आणि ते वाजणं तिला रात्रंदिवस ऐकवलं गेलं होतं. मृणाली कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिनं मुलीच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

"कापड मात्र माझं," केसरीनाथ शेवटी म्हणाले होते.

कापडाचं कारण असं, की ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोळी नुसती घालत नाहीत. ती तेलातल्या चिंधीवर ठेवून गजानं खाली दाबतात. चिंधी चरांमध्ये दबून बसते आणि गोळीला धरून फिरवते. भिवंडीत राहून चिंधी बाहेरून आणायची, हे केसरीनाथांना नामुष्कीचं वाटलं असतं. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या कारखान्यात सहा नंबरच्या लूमवर निघालेलं कोरं कापड त्यांनी स्वतः निवडलं, अंगठा आणि बोटात चोळून बघितलं, तीन संध्याकाळी बसून गोल चिंध्या कापल्या आणि खोबरेल तेलात मेण वितळवून त्यात भिजवल्या. कापड बोटांनी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा निजामपुऱ्यात कुणी नव्हता. निदान ते स्वतः तसं सांगत असत आणि इतर मान हलवत असत.

क्लबाची नेमबाजीची रेंज एका बंद पडलेल्या दगडखाणीत होती. तीन बाजूंनी काळा कडा, समोर मातीचा बांध, त्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचं निशाण. रेंजचा राखणदार दामू लाल बावटा घेऊन उभा होता. कुमार मिस्त्रीनं टेबलावर दोन्ही नळ्या सतरंजीवर मांडल्या होत्या.

"बघा काका, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवतो," तो म्हणाला. त्यानं गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली, मुठीला लाल दोरा बांधला आणि गज साठवाल्या नळीत हळूहळू ढकलला. नळी बत्तीस इंचांची. गज आत जाताना दोरा वरून खाली आला आणि थांबला. अर्धा फेरा, जरासा जास्त. मग वीसवाली घेतली. तिच्यात दोरा गरकन फिरला, एक पूर्ण फेरा आणि वर अर्ध्याहून जास्त.

"बघ!" केसरीनाथांनी मांडीवर थाप मारली. "कशी जाते बघ! हिला म्हनतात नली."

"काका, दोनों बढिया है. पर काम अलग-अलग है," मिस्त्री सावधपणे म्हणाला. त्याला दोघांशीही वाईटपणा नको होता.

उन्नतीनं टेबलावरची गोळी उचलली आणि आजोबांच्या तळहातावर ठेवली. "लांब बुलेट असती तर वीसवालीच लागली असती. ती हवेत आडवी पडते, तिला जोरात फिरवावं लागतं. ही गोल आहे. हिला पडायला बाजूच नाही. आणि नळीला ही कुठे टेकते बघ, एवढीशीच. जोरात पीळ दिला तर चिंधी चर सोडून देते आणि गोळी सरळ घसरत जाते. लूमवर जास्त पिळाचं सूत आलं तर तू काय म्हणतोस?"

केसरीनाथांनी गोळी टेबलावर परत ठेवली. जास्त पिळाचं सूत सैल सोडलं की आकडी पडते आणि जागच्या जागी गुंडाळतं, हे त्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. पण आता ते बोलून दाखवायची ही जागा नव्हती.

"आदी माझी नली," ते म्हणाले. "मोठ्यांची आदी."

उन्नतीनं कानांवर कप चढवले. दारूचं माप नळीत ओतलं, चिंधी, तिच्यावर गोळी, गजानं खाली दाबली, दारू पेटवणारी केप बसवली. बार झाला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गोदूबाईंनी भाकऱ्यांचं गाठोडं छातीशी धरलं. गोळी पुठ्ठ्यावर कुठेच नव्हती. पाच बारांत एक वर्तुळाच्या काठावर लागला, दोन कोपऱ्यात, दोन बांधात.

"नली गरम व्हायला येल लागतो," केसरीनाथ म्हणाले. मिस्त्रीनं खोकल्यासारखं केलं.

मग साठवाली चढवली. उन्नतीचा चेहरा एकदम बदलला. ओठ मिटलेले, डोळे निवांत. पहिला बार वर गेला. दुसरा डावीकडे. प्रत्येक बारानंतर ती ओल्या कापडानं नळी पुसत होती, तरी तिसरी गोळी खाली जाईना. मिस्त्रीनं गजावर हाताचा जोर लावला तेव्हा कुठे ती बसली, आणि तीही वर्तुळाबाहेरच गेली. चौथी वर्तुळात गेली. पाचवी बांधात. पाचांत एक.

दामूनं शिट्टी वाजवली.

"म्हणजे नळीनं काही फरकच पडत नाही," देवेश हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे केसरीनाथांना ऐकू आलं. मुलीचा चेहरा त्यानंही बघितला होता. "जाऊ दे, उन्नती. क्लबात आहेत की दुसऱ्या बंदुका."

"हो," उन्नती म्हणाली. "ठरलं ते ठरलं. हरले मी." आणि ती नळी पुसायला बसली, पाठ फिरवून.

केसरीनाथांना क्षणभर बरं वाटलं होतं, साठवाली पण तशीच निघाली म्हणून. त्या क्षणाची त्यांना लगेच लाज वाटली. जिंकायचं कुणाशी होतं? त्यांना तर ही पोर जिंकायला हवी होती. आण घेतली, अट घातली, तीही तिनं ती पुरी करावी आणि मग आपण उदार मनानं बंदूक द्यावी म्हणून. आता देवीची आण गळ्यात अडकली होती आणि सोमवार परवा होता.

"जरा पाय मोकले करतो," म्हणून ते रेंजवर पुढे चालत गेले. दामूनं हात करून जाऊ दिलं. वाळलेल्या गवतात दहा-बारा पावलांवर वापरलेल्या चिंध्या पडल्या होत्या. मृणाली त्यांच्याआधीच तिथे पोचली होती, वाकून एक-एक चिंधी उचलत होती. ती निजामपुऱ्यातल्याच लूमवाल्यांची लेक. लहानपणी सुताच्या कांड्यांशी खेळलेली, आणि अजूनही कारखान्यात आलेल्या सुताचे नमुने तीच बघायची. तिनं एक चिंधी नाकाशी नेली, सासऱ्यांना येताना बघितलं आणि मूठ मिटली.

"काय मिलालं गो?"

"काही नाही बाबा. जळक्या चिंध्या."

"मूठ उघड."

"बाबा, ऊन लागतंय, चला ना."

"मृणाली. मूठ उघड."

तिनं मूठ उघडली. केसरीनाथांनी चिंधी घेतली, नेहमीच्या सवयीनं अंगठा आणि बोटात चोळली. बोटांना काहीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा चोळली. मग ती ओठाला लावली. ओठाला टोचलं. चिंधीची कडा जळून राख झाली नव्हती, वितळून कडक झाली होती, साखरेच्या पाकाच्या थेंबांसारखे बारीक मणी धरून.

"काडी हाय तुज्याकडे?"

"बाबा..."

"काडी हाय का?"

दामूकडे होती. टेबलापासून, दारूपासून लांब, कड्याच्या सावलीत जाऊन केसरीनाथांनी खिशातली एक न वापरलेली चिंधी काढली, तेल पुसलं आणि तिच्या टोकाला काडी लावली. चिंधी ज्योतीपासून दूर आक्रसली, काळी झाली आणि टोकाला टणक गोळा धरला. वास आला तो प्लॅस्टिकची पिशवी जळाल्यासारखा. तोपर्यंत सगळेच जमले होते.

"पॉलिस्टर," केसरीनाथ म्हणाले. "मिक्स. नलीत वितललं हे. गोलीला धरनार काय, कपाल?"

"तरीच गज जात नव्हता," कुमार मिस्त्री पुटपुटला. "मी म्हटलं दारूची काजळी."

केसरीनाथ मुलाकडे वळले. "सहा नंबरवर मिक्स सूत कवापास्नं लावलास?"

देवेशनं मान खाली घातली. पन्नाशीतला माणूस, दोन गोदामांचा मालक, शाळेतल्या पोरासारखा पायानं गवत उकरत उभा राहिला. "दोन वर्षं झाली. माल घेणाऱ्या पार्टीला तेच कापड हवं होतं. तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नाही सांगितलं."

"आणि मी इचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं ना." देवेशचा आवाज अगदी उतरला. "पहिल्याच ताग्याला तुम्ही हात लावलात, चोळून बघितलंत, आणि म्हणालात, वा, एकदम कॉटन. मग मी काय बोलणार होतो, बाबा? सगळे कामगार उभे होते."

आता म्हातारा भडकणार, याची सगळ्यांनी तयारी केली. गोदूबाईंनी तर पदरही सावरला. पण केसरीनाथ आपल्या बोटांकडे बघत राहिले. अंगठ्याचं टोक चकचकीत, रेषा झिजून गेलेल्या. दोन वर्षं. दोन वर्षं ते ताग्यांना हात लावून मान डोलावत होते आणि सगळा कारखाना त्यांच्याबरोबर मान डोलावत होता. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी ते चित्र डोळ्यांपुढे येऊन हसूही फुटलं.

"बोटं गेली माझी," ते म्हणाले. "न्हाय रं, खरंच गेली. आनि तुमी सगले ठग, एकानं सांगलं न्हाय मना."

"बोटं गेली तं गेली," गोदूबाई म्हणाली. "हात तं हाय. पोरीचे ते पाच बार मोजायचे न्हाय, मी सांगतंय. पोरीनं बरोबर केला, तुजा कापड वाकडा."

उन्नतीनं आजीकडे चमकून पाहिलं. कालपर्यंत ती देवेशच्या बाजूची होती.

"आई, तू पण?" देवेश म्हणाला.

"मी काय कोनाच्या खिशात हाय?"

"पाच बार पुन्ना," केसरीनाथांनी जाहीर केलं.

"बाबा, आण घेतली होती तुम्ही. पाच म्हणजे पाच," देवेश म्हणाला.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगतो. अट माजी, कापड माजा, चूक माजी. पोरीची नली अजून उडलीच न्हाय. सुती कापडावर उडेल ती खरी."

हे सगळं ठीक होतं, पण सुती कापड आणायचं कुठून? देवेशचा शर्ट मिक्स. मिस्त्रीकडचं फडकं होजिअरीचं, ताणलं की लांबणारं. दामूनं आपली टोपी पुढे केली, तीही काडीखाली वितळली आणि त्यानं तिचं उरलेलं अर्धं हळहळत खिशात ठेवलं. गोदूबाईंचं लुगडं मागायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी मृणालीची नजर सासूच्या काखेतल्या गाठोड्यावर गेली.

"आई, भाकऱ्या कशात बांधल्यात?"

गोदूबाईंनी गाठोडं मागे घेतलं. "हा न्हाय. हा लग्नापास्नंचा हाय."

तो मांजरपाट होता, केसरीनाथांनी आपल्या पहिल्या लूमवर काढलेल्या पहिल्या ताग्यातला. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेला, भाकरीच्या वाफेनं पिवळसर पडलेला. केसरीनाथांनी तो हातात घेतला. या वेळी त्यांनी चोळून बघितलं नाही. एका कोपऱ्यातला दोरा ओढला आणि मृणालीकडे दिला. तिनं काडी लावली. दोरा कागदासारखा सरसर जळाला आणि बोटांत भुरभुरीत राख उरली.

"कापूस," मृणाली म्हणाली.

"घ्या," गोदूबाई म्हणाली. "पन भाकऱ्या आदी खायच्या. नाय तं ठेवायच्या कशात?"

तेव्हा खाणीच्या सावलीत सगळे जेवायला बसले. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण आणि कांदा. मिस्त्री आधी नको नको म्हणाला आणि मग त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या. देवेशनं मुलीच्या पानात आपल्यातले बोंबील टाकले आणि तिनं ते न बोलता खाल्ले, म्हणजे तिथलं भांडण मिटलं होतं. मग मिस्त्रीनं दोन्ही नळ्या गरम पाण्यानं आणि पितळी ब्रशनं घासून आतला वितळलेला थर काढला. केसरीनाथांनी कात्री घेतली. गोदूबाई तोंड फिरवून बसली, तिला ते बघवेना.

"आधी वीसवाली," उन्नती म्हणाली. "आजाच्या नळीला पण कापूस मिळाला पाहिजे."

केसरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. कुणी शिकवलं असेल तर मृणालीनं.

वीसवालीतून पाच बार झाले. या वेळी सगळे पुठ्ठ्यावर लागले, पण पुठ्ठाभर पसरून. वर्तुळात एकच. मृणालीनं गवतातल्या चिंध्या आणून सासऱ्यांना दाखवल्या. वितळल्या नव्हत्या. मधे मात्र चरांनी फाडून त्यांच्या रेघारेघा केल्या होत्या. केसरीनाथांनी एक चिंधी उन्हात धरली आणि भोकांतून पलीकडचा कडा बघितला.

"आकडी पडते," ते हळूच म्हणाले. "जास्ती पील झाला का आकडी पडते. मना ठाव होता."

"मग जेवताना का नाही बोललास?" उन्नती हसली.

"जेवताना कोन खरा बोलतो?"

साठवाली चढवली. पहिला बार वर्तुळात. गोदूबाईंनी हात जोडले. दुसरा वर्तुळाबाहेर, अंगठाभर खाली. तिसरा आत. चौथ्याला कड्यावरून वारा आला आणि गोळी काठाला चाटून बाहेर गेली. देवेश उठून उभा राहिला. सकाळी हीच बंदूक जमा करून टाकू म्हणणारा हा माणूस, आता दोन्ही हात डोक्यावर ठेवून येरझाऱ्या घालत होता.

"वारा थांबू दे," तो ओरडला. "घाई नको. थांबू दे गं वारा!"

उन्नतीनं वाट बघितली. मग चिंधी आजोबांपुढे धरली. केसरीनाथांनी ती नळीच्या तोंडावर मधोमध ठेवली, गोळी ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. अंगठ्याला काही कळत नव्हतं, पण कापड मधोमध आहे हे डोळ्यांना दिसत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. गज एका लयीत खाली गेला, कुठे न अडता. ती उभी राहिली, श्वास घेतला, अर्धा सोडला. बार झाला. धूर वाऱ्याबरोबर बाजूला सरकला आणि दामू दुर्बिणीतून बघत राहिला, बघतच राहिला.

"आरं, बोल की मेल्या!" गोदूबाई ओरडली.

"आतमंदी हाय," दामू म्हणाला. "पार मधी."

देवेशनं मुलीला उचललं. ती सत्तावीस वर्षांची होती आणि त्याची कंबर धड नव्हती, तरी उचललं, आणि मग कंबर धरून खाली बसला. मिस्त्रीनं वीसवाली नळी कुणाला न विचारता खोक्यात परत भरली. केसरीनाथांनी डोळे पुसले आणि दारूच्या धुराला शिवी दिली.

निघताना उन्हं कलली होती. देवेश पुढे शेजारच्या सीटवर कंबर धरून बसला आणि गाडी मृणालीनं घेतली. उन्नती आजोबांना हात देऊन खडकाळ उतारावरून खाली आणत होती.

"सोमवारी सुट्टी काढ," ते म्हणाले.

"कागदांवर सही करायला?"

"ते तं हायच. ते झालं का निजामपुऱ्यात लूमवर ये. गोली तुला समजली, पील समजला. कापड कोन बघनार? दर वेली आजीच्या भाकऱ्या उघड्या टाकनार काय?" ते थांबले. "तुजा बाप सांगनार न्हाय, मी सांगू शकत न्हाय. तुला यायला पायजे."

"मला कापडातलं काही कळत नाही, आजा."

"मना काय पैल्या दिशी कलत होता? डोले मिट."

उन्नतीनं डोळे मिटले. केसरीनाथांनी खिशातून तेल न लावलेले दोन तुकडे काढले, एक सहा नंबरचा आणि एक भाकऱ्यांच्या कापडाचा, आणि तिच्या दोन हातांत दिले. ती अंगठा आणि बोटात चोळत राहिली, तशीच मान तिरकी करून, जशी ते स्वतः करायचे. गोदूबाई गाडीच्या दाराशी थांबली होती, रिकामं आणि भोकाभोकांचं गाठोडं खांद्यावर टाकून.

"हा," उन्नती म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. "हा कापूस. बरोबर?"

केसरीनाथांनी तो तुकडा बोटांत घेतला, चोळला, आणि गाडीच्या खिडकीकडे बघितलं.

"मृणाली," त्यांनी हाक मारली, "बरोबर सांगतंय का गो ही?"